न्याय आणि पुनःस्थापना : हिब्रू संदेष्टे, ख्रिस्ती वाचन आणि ठाण्याचा शेजार

ख्रिस्ती बायबलाच्या जुन्या करारातले शेवटचे पुस्तक मलाखी या संदेष्ट्याचे आहे आणि ते सर्वनाशाच्या धमकीवर संपते. परमेश्वराचा भयंकर दिवस उजाडण्याआधी एलीया संदेष्टा परत येईल, दुरावलेले आईबाप आणि मुले यांची मने तो एकमेकांकडे वळवील, आणि तसे घडले नाही तर देश शापाने उद्ध्वस्त होईल, असा त्या अखेरच्या ओळींचा आशय आहे. वल्हांडण सणाच्या अगोदरच्या शब्बाथाला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतिदिनी, यहुदी सभास्थानात हा भाग वाचला जातो तेव्हा शेवटची ओळ संपल्यावर तिच्या आधीची, एलीयाच्या आगमनाची ओळ पुन्हा म्हणण्याचा प्रघात आहे, कारण धर्मग्रंथाचे वाचन शापावर थांबू नये अशी त्या परंपरेची धारणा आहे. यशया आणि विलापगीत या पुस्तकांच्या शेवटीही असेच केले जाते. इसवी सनापूर्वीच्या शतकांत झालेल्या, सप्तति या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रीक भाषांतरात ओळींचा क्रमच वेगळा आढळतो आणि मोशेच्या नियमशास्त्राची आठवण देणारे वाक्य शेवटी येते. मराठी ख्रिस्ती वाचकाच्या हातातले बायबल यांपैकी काहीच करत नाही : शाप आहे तिथेच राहतो, पान उलटते आणि मत्तयाचे शुभवर्तमान सुरू होते.

ठाणे शहरात या दोन्ही वाचनपरंपरांची घरे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. टेंभी नाक्याजवळ बेने इस्रायल समाजाचे, १८७९ साली स्थापन झालेले ‘शाआर हाशामाइम’ म्हणजे ‘स्वर्गाचे द्वार’ हे सभास्थान आहे, आणि मासुंदा तलावाकाठी पोर्तुगीज काळापासून चालत आलेले, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला वाहिलेले चर्च आहे. बेने इस्रायल म्हणजे कोकणात शतकानुशतके राहिलेले, मराठी बोलणारे यहुदी. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेल्या सात पुरुष व सात स्त्रियांपासून आपला वंश वाढला, असे ते परंपरेने सांगतात, आणि तेलघाण्याचा व्यवसाय करून शनिवारी काम बंद ठेवीत असल्यामुळे कोकणात त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले जाई. या समाजाच्या भक्तीत एलीयाला, त्यांच्या बोलीत एलियाहू हानाबीला, जे स्थान आहे तसे इतर यहुदी समाजांत क्वचितच आढळेल : नवस फेडताना, लग्नकार्यात, संकट टळल्यावर मलिदा केला जातो, म्हणजे गूळ किंवा साखर आणि ओले खोबरे घातलेले पोहे व फळे ताटात मांडून, एलीयाचे नाव घेऊन प्रार्थना होते, आणि अलिबागजवळच्या खंडाळे गावातील खडकावर एलीयाच्या रथाच्या खुणा उमटल्या आहेत अशी श्रद्धा आहे. दुसरीकडे, मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू ज्याला ‘येणार होता तो एलीया’ म्हणून ओळखतो, तो बाप्तिस्मा करणारा योहान तलावाकाठच्या चर्चचा आश्रयदाता संत आहे. एकाच ओळीची वाट पाहणारा समाज आणि ती ओळ पुरी झाली असे मानणारा समाज असे एकमेकांच्या शेजारी नांदत आले आहेत.

हा शेजार प्रस्तुत विषयाला केवळ स्थानिक रंग देण्यासाठी घेतलेला नाही. हिब्रू संदेष्ट्यांचे ख्रिस्ती वाचन ज्या एका जागी वारंवार घसरले ती जागा या शेजारामुळे स्वच्छ दिसते. संदेष्ट्यांच्या लेखनात दंड आणि पुनःस्थापना एकाच लोकसमूहाला उद्देशून येतात. ज्याला उपटून टाकण्याची धमकी असते त्यालाच पुन्हा लावण्याचे वचन असते. ख्रिस्तसभेने मात्र अनेक शतके या संदेशाचे दोन तुकडे केले, दंडाचा तुकडा इस्रायलच्या नावे ठेवला आणि वचनाचा तुकडा स्वतःच्या. अशी वाटणी मूळ ग्रंथात बसत नाही आणि ख्रिस्ती श्रद्धेलाही ती परवडणारी नाही, हे दाखवणे हा या व्याख्यानाचा हेतू आहे.

संदेष्टा म्हणजे भविष्य सांगणारा, हा समज प्रथम बाजूला ठेवावा लागतो. इस्रायल व यहूदा या दोन लहान राज्यांत, इ.स.पू. आठव्या ते पाचव्या शतकांच्या दरम्यान, परमेश्वराच्या वतीने राजाला, पुरोहितांना आणि जनतेला उद्देशून बोलणारी ही माणसे होती, आणि त्यांच्या बोलण्याचा एक ठरावीक साचा न्यायालयाचा होता. हिब्रू भाषेत त्याला ‘रीब’ म्हणतात, म्हणजे फिर्याद : परमेश्वर आणि त्याचे लोक यांच्यात करार झालेला आहे, तो मोडला गेला आहे, आणि संदेष्टा फिर्यादीच्या बाजूने उभा राहून आरोप वाचून दाखवतो. मीखाच्या पुस्तकात या खटल्यात डोंगरांना साक्षीला बोलावले आहे. आरोपांचे स्वरूपही ध्यानात घेण्याजोगे आहे, कारण त्यांत मूर्तिपूजेच्या बरोबरीने खोटी मापे, लाच घेणारे न्यायाधीश, चपलेच्या जोडासाठी विकला जाणारा गरीब आणि शेताला शेत जोडत जाणारा जमीनदार हे सतत येतात.

आमोस हा या परंपरेतला, ज्याच्या नावाचे पुस्तक आहे असा बहुधा सर्वांत जुना संदेष्टा. तो यहूदातील तकोवा गावचा मेंढपाळ, पण बोलला उत्तरेकडच्या राज्यात, बेथेल येथील राजमान्य मंदिरापाशी, इ.स.पू. ७६०च्या सुमारास. त्याच्या पुस्तकाची सुरुवात वक्तृत्वाच्या दृष्टीने विलक्षण आहे : दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब अशा एकेका शेजारी राष्ट्राचे अपराध तो मोजतो आणि प्रत्येकावर दंड उच्चारतो, श्रोत्यांची मान डोलू लागते, मग तो यहूदाचे नाव घेतो, आणि सर्वांत शेवटी ज्यांच्यासमोर उभा आहे त्या इस्रायलवर येऊन तेथे सर्वांत जास्त वेळ थांबतो. न्यायाची भाषा परक्यासाठी ऐकायला बरी वाटते, हे ओळखूनच ही रचना केलेली दिसते. बेथेलचा पुरोहित अमस्या याने त्याला हाकलून दिले यात नवल नाही. ठाण्याच्या सभास्थानाचे ‘स्वर्गाचे द्वार’ हे नाव याच बेथेलच्या जागेवरून आले आहे, कारण इस्रायलचा पूर्वज याकोब याने स्वप्नात शिडी पाहिली आणि जागेला ते विशेषण दिले ती हीच जागा. तिथल्या वेद्या मोडतील असे आमोसला सांगावे लागले, ही गोष्ट कोणत्याही धर्माच्या मंदिराने जाता जाता लक्षात ठेवण्यासारखी आहे. इ.स.पू. ७२२च्या सुमारास अश्शूरच्या फौजांनी राजधानी शोमरोन घेतली आणि उत्तरेचे राज्य संपले.

धमकीचा उद्देश मात्र ती खरी ठरावी हा नसतो. यासंबंधी यिर्मयाच्या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात एक प्रसंग आहे, ज्याचा मराठी प्रवचनांत क्वचितच उल्लेख होतो. यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त होईल असे यिर्मयाने मंदिराच्याच अंगणात सांगितले, पुरोहितांनी त्याला देहान्त शिक्षा मागितली, आणि तेव्हा देशातील काही वडीलधाऱ्यांनी उठून जुना दाखला दिला : शंभरएक वर्षांपूर्वी मीखानेही हेच सांगितले होते, त्या वेळी हिज्कीया राजाने त्याला मारले नाही, तो परमेश्वराला शरण गेला, आणि सांगितलेला अनर्थ टळला. मीखाचे भाकीत चुकले म्हणून त्याला कोणी खोटा संदेष्टा म्हटले नाही. ते चुकले यातच त्याचे यश मानले गेले. योनाच्या पुस्तकात हाच विचार कथारूपाने येतो. निनवे हे शत्रूचे, अश्शूरचे शहर; चाळीस दिवसांत ते पालथे होईल असे योना सांगतो, लोक पश्चात्ताप करतात, शहर वाचते आणि संदेष्टाच रागावून बसतो. यहुदी लोक हे पुस्तक प्रायश्चित्ताच्या महान दिवशी, योम किप्पूरला, दुपारच्या प्रार्थनेत वाचतात. त्या दिवसाला बेने इस्रायलांचे जुने मराठी नाव ‘दारफाळणीचा सण’ असे आहे, कारण त्या दिवशी घराची दारे लावून घेऊन समाज उपवासात व प्रार्थनेत राहत असे. कॅथलिक ख्रिस्तसभा योनाचा हाच वृत्तान्त उपवासकाळाच्या पहिल्या आठवड्यातील बुधवारी वाचते.

न्याय आणि पुनःस्थापना यांचे नाते सर्वांत ठसठशीतपणे दिसते ते एका जमीन खरेदीत. यिर्मयाच्या बत्तिसाव्या अध्यायातील घटना सिद्कीया राजाच्या दहाव्या वर्षातली, म्हणजे इ.स.पू. ५८८-५८७ची आहे : बाबेलच्या सैन्याचा यरुशलेमला वेढा पडलेला, नगर पडणार असे सांगितल्याबद्दल यिर्मया पहाऱ्याच्या चौकात कैदेत, आणि अशा वेळी चुलत भाऊ हनामेल येऊन अनाथोथ गावातले आपले शेत विकत घे म्हणतो, कारण कुळातली जमीन बाहेर जाऊ न देता सोडवून घेण्याचा हक्क यिर्मयाचा आहे. अनाथोथ यरुशलेमच्या उत्तरेला तासाभराच्या वाटेवर; वेढा घालणाऱ्या सैन्याच्या ताब्यातला तो टापू. यिर्मया सतरा शेकेल चांदी तराजूत तोलून देतो, आजच्या मापाने सुमारे दोनशे ग्रॅम. पुढचा तपशील एखाद्या दुय्यम निबंधक कार्यालयातल्या खरेदीखतासारखा वाचावा लागतो : दस्तावर सही, शिक्का, साक्षीदार, एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी, आणि दोन्ही प्रती बारूख या लेखनिकाच्या हाती देऊन त्या मातीच्या भांड्यात ठेवण्याची आज्ञा, म्हणजे त्या पुष्कळ दिवस टिकतील. हे सारे ज्याच्या हातून झाले तोच माणूस त्याच आठवड्यांत नगर जळणार असे सांगत होता आणि त्याने आपले बोलणे मागे घेतलेले नाही. घरे, शेते व द्राक्षमळे या देशात पुन्हा खरेदी केले जातील, हे वचन नगर वाचेल या आशेवर दिलेले नाही. नगर पडेल हे धरून दिलेले आहे. पुनःस्थापना न्यायाला वळसा घालून येत नाही, ती त्याच्या पलीकडच्या टोकाला उभी असते. ज्यांना संदेष्ट्यांकडून केवळ दिलासा हवा असतो त्यांच्या हाती यिर्मयाच्या वेळचे खोटे संदेष्टे लागतात, कारण तेही पुनःस्थापनाच सांगत होते, दोन वर्षांत सारे ठीक होईल असे. यिर्मयाने सत्तर वर्षे सांगितली.

यरुशलेम इ.स.पू. ५८७ किंवा ५८६ मध्ये पडले, मंदिर जळले, लोक बाबेलला नेले गेले. यहेज्केलचे वाळलेल्या हाडांच्या खोऱ्याचे दर्शन, यशयाच्या पुस्तकाच्या उत्तरार्धातील सांत्वनाची गीते आणि त्यांत परमेश्वराचा अभिषिक्त म्हणून आलेला पारसी सम्राट कोरेश ही त्या काळाची सामग्री सर्वपरिचित आहे. इ.स.पू. ५३९ मध्ये कोरेशाने बाबेल घेतल्यानंतर जे परतले त्यांचे प्रत्यक्ष वास्तव गीतांइतके उजळ नव्हते : दुष्काळ, अर्धवट बांधकाम, शेजाऱ्यांशी तंटे, आणि इ.स.पू. ५१५च्या सुमारास उभे राहिलेले, पहिल्याच्या मानाने साधे मंदिर. वचन पुरे झाले, तरी पुरते झाले नाही. मलाखीचे पुस्तक याच ओसरलेल्या उत्साहाच्या काळातले आहे, आणि वेदीवर लंगडी जनावरे आणणाऱ्या लोकांवर त्याचा रोख आहे.

न्यायाकडून दिलाशाकडे जाणारी ही वाट यहुदी पंचांगात दरवर्षी चालली जाते. अव महिन्याच्या नवमीला मंदिराच्या दोन्ही विध्वंसांचा, बाबेलच्या व इ.स. ७० मधील रोमनांच्या, शोक पाळतात, जमिनीवर बसून विलापगीत वाचतात, आणि लगेच पुढच्या शब्बाथापासून सात आठवडे यशयातील सांत्वनाचे उतारे वाचतात. कोकणातील बेने इस्रायलांत या नवमीचे नाव ‘बिरड्याचा सण’ असे होते, कारण उपवास सोडताना बिरडे खाल्ले जाई. वाल भिजत घालावेत, मोड आणावेत, कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलावा आणि मग त्याचे बिरडे करावे, ही ठाणे-कल्याणच्या कोणत्याही जुन्या घरातली श्रावणातली खटपट. यरुशलेमच्या राखेची आठवण या समाजाने अशा ओळखीच्या ताटात जपली. एलीयाच्या नावाने, शवाट महिन्याच्या पंधराव्या तिथीला, ‘एलियाहू हानाबीचा उरूस’ होई. हिब्रू भाषा जवळजवळ विसरलेल्या, पण सुंता, शब्बाथ आणि ‘शमा’ ही विश्वासाची मूळ घोषणा न विसरलेल्या या समाजाने न्याय आणि पुनःस्थापनेचे हे चक्र ग्रंथाच्या आधाराशिवायही फिरते ठेवले होते, ही गोष्ट धर्माच्या अभ्यासकांनी फार गंभीरपणे घ्यायला हवी.

आता ख्रिस्ती वाचन. येशू स्वतः संदेष्ट्यांच्या मालिकेत उभा राहून बोलतो; लूकच्या वृत्तान्तात तो यरुशलेमकडे पाहून रडतो आणि मग त्याच्या विध्वंसाचे भाकीत करतो, म्हणजे यिर्मयाप्रमाणेच तो आपल्या लोकांतला होऊन बोलतो. ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा असा की न्याय आणि पुनःस्थापना येशूच्या क्रूसावर आणि पुनरुत्थानात एकत्र आली : लोकांच्या अपराधांचा भार एका निरपराध सेवकाने वाहिला, जसे यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायात वर्णन आहे, आणि त्याच्या उठण्यात नव्या सृष्टीची सुरुवात झाली. यहुदी परंपरेत तो सेवक बहुधा इस्रायल समाज स्वतः आहे असे मानतात. ही दोन वाचने वरवर वाटतात तितकी परस्परविरोधी नाहीत, कारण शुभवर्तमानातील येशू इस्रायलचे दुःख आणि इस्रायलचे काम स्वतःच्या अंगावर घेतो. यिर्मयाच्या एकतिसाव्या अध्यायातील नव्या कराराचा उतारा इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात सविस्तर उद्धृत झाला आहे, आणि नव्या करारातील जुन्या कराराचे ते सर्वांत लांब उद्धरण आहे. तो करार मुळात इस्रायलच्या व यहूदाच्या घराण्याशी करायचा आहे, हे त्या उताऱ्यातच लिहिलेले असूनही ख्रिस्ती वाचक तेवढ्या शब्दांवरून भरभर पुढे जातो. योहानाच्या बाबतीतही ग्रंथ सावध आहे. मत्तय त्याला एलीया म्हणतो, लूक म्हणतो की तो एलीयाच्या आत्म्याने व सामर्थ्याने येईल, आणि चौथ्या शुभवर्तमानात योहानाला कोणी विचारले तेव्हा तो स्वतः नाही म्हणतो. एलीया आला आहे आणि एलीया यायचा आहे, या दोन्ही विधानांना नव्या करारात जागा आहे.

दुसऱ्या शतकात ही सावधगिरी गेली. ख्रिस्तसभेत आता बहुसंख्य लोक यहुदी नव्हते. जस्टिन या लेखकाने ट्रिफो नावाच्या यहुद्याशी झालेल्या संवादात खरा इस्रायल म्हणजे ख्रिस्ती लोक असे मांडले, सार्दीसच्या मेलितोने वल्हांडणावरील प्रवचनात यहुद्यांवर देवाच्या हत्येचा आरोप ठेवला. रोममधील ख्रिस्ती समाजाने १४४च्या सुमारास बाहेर काढलेला मार्शियन तर हिब्रू ग्रंथच टाकून द्या म्हणत होता. सभेने त्याचे ऐकले नाही, ग्रंथ ठेवला, पण त्यातले शाप ज्यांचा ग्रंथ त्यांच्यावर उलटवले.

ठाणे आणि कल्याण या परिसरात ख्रिस्ती वाचनाचे निरनिराळे प्रकार येऊन गेले. सहाव्या शतकातील ग्रीक प्रवासी कॉस्मस इंडिकोप्लुस्टस याने ‘कल्लियाना’ येथे पारसदेशातून नेमलेला बिशप असल्याचे लिहिले आहे, आणि ते ठिकाण म्हणजे कल्याण असे सामान्यतः मानले जाते. त्या सभेचे बायबल सुरियानी भाषेतले, आणि त्यातला जुना करार थेट हिब्रूवरून झालेला. पुढे १३२१च्या एप्रिलमध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन संन्यासी मारले गेले. त्यांतला तोलेंतिनोचा थॉमस हा त्या संघातील ‘आध्यात्मिक’ म्हणवणाऱ्या कडव्या गटातला, दारिद्र्याचे व्रत शिथिल करू नये या आग्रहापायी इटलीत स्वतःच्याच संघाकडून तुरुंगवास भोगलेला. या गटाच्या मनावर बाराव्या शतकातील इटालियन संन्यासी फियोरेच्या योआखिमाच्या विचारांची छाप होती, आणि संदेष्ट्यांनी सांगितलेला न्याय धनाढ्य झालेल्या ख्रिस्तसभेवरच येणार व त्यातून तिचे शुद्धीकरण होणार अशी त्यांची अपेक्षा होती. त्या गटातल्या चार जणांना १३१८ मध्ये मार्सेय येथे जाळण्यात आले होते. ठाण्याच्या हुतात्म्याची कथा सांगताना तो परधर्मीयांकडून मारला गेला हे सांगितले जाते. स्वतःच्या सभेबद्दल त्याच्या गटाचे काय म्हणणे होते हे सांगितले जात नाही, आणि आमोसच्या मापाने पाहिले तर त्याचे मोल अधिक आहे.

पोर्तुगीज अमलाने या विचाराचे दुसरे टोक दाखवले. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायसभा, म्हणजे इन्क्विझिशन, स्थापन झाली आणि तिचा पहिला रोख ख्रिस्ती झालेल्या यहुदी घराण्यांवर होता. मुंबई बेट ज्याच्याकडे पट्ट्याने होते, आणि वनौषधींवरचा ग्रंथ ज्याने १५६३ मध्ये प्रसिद्ध केला, त्या अशाच घराण्यातल्या गार्सिया द ओर्ता या वैद्याच्या बहिणीला १५६९ मध्ये जाळण्यात आले आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे थडग्यातून उकरून जाळली गेली. न्यायासन आपल्या हाती आहे आणि आरोपी दुसरे आहेत, अशी खात्री झालेल्या धर्मसत्तेने यहेज्केलच्या हाडांच्या खोऱ्याचे असे वाचन केले, एवढेच म्हणता येते. ठाणे १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतले आणि तेथला हा अंमल संपला.

एकोणिसाव्या शतकातले मिशनरी वेगळे होते. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत आले, स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन १८२९ मध्ये; दोन्ही मिशनांनी बेने इस्रायलांसाठी शाळा चालवल्या, आणि विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. इस्रायलची पुनःस्थापना म्हणजे इस्रायलने ख्रिस्त स्वीकारणे, अशी त्यांची अपेक्षा होती. घडले भलतेच. मराठी जुना करार आणि मराठी हिब्रू व्याकरण हाती आलेल्या या समाजाने ते वाचून आपले यहुदीपण पक्के केले, ख्रिस्ती होणारे अगदी थोडे निघाले, जोसेफ इझीकेल राजपूरकरांसारख्या विद्वानांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले, आणि शतकाच्या अखेरीस बायबलातील कथांवर टाळ-मृदंगाच्या साथीने मराठी कीर्तने होऊ लागली. मिशनऱ्यांच्या हिशेबात हे अपयश होते. यिर्मयाच्या हिशेबात, एक विसरलेला समाज आपल्या ग्रंथाकडे परत आला, आणि ते काम ख्रिस्ती हातांनी नकळत झाले. ख्रिस्ती धर्मशास्त्राने याला अपयश न म्हणता सेवा म्हणायला हरकत नसावी. पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबलाचे सोपे मराठी भाषांतर केले आणि १९२२ मध्ये निधनापूर्वी ते पुरे केले, तेही याच हिब्रू-मराठी नात्याच्या वाटेवर.

प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या नवव्या ते अकराव्या अध्यायांत या प्रश्नाचे उत्तर दिले होते, आणि ख्रिस्तसभेला त्याकडे परत यायला फार काळ लागला. देवाने इस्रायलला दिलेली दाने आणि पाचारण तो मागे घेत नाही, असे तेथे पौल सांगतो, आणि यहुदीतर ख्रिस्ती लोक म्हणजे जुन्या जैतुनाच्या झाडावर कलम केलेली रानटी फांदी, जिने मुळावर तोरा मिरवू नये, असे बजावतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ‘नोस्त्रा एताते’ ही घोषणा संमत करून यहुदी लोक देवाने टाकलेले किंवा शापित आहेत असे शास्त्राधारे म्हणता येणार नाही, असे स्पष्ट केले. ठाण्याच्या बेने इस्रायलांना आपण शापित आहोत असे त्यांच्या हिंदू व मुसलमान शेजाऱ्यांनी कधी ऐकवले नव्हते. ही शिकवण दुरुस्त करण्याची गरज ख्रिस्ती घराचीच होती.

उलट दिशेची घाईही टाळावी लागते. १९४८ मध्ये इस्रायल राष्ट्र स्थापन झाल्यावर संदेष्ट्यांचे शब्द अक्षरशः पुरे झाले असे मानणारी प्रवचने मराठीतही होतात. कोकणातले बहुसंख्य बेने इस्रायल तिकडे गेले, ठाण्यात काही कुटुंबे उरली, आणि मागे राहिलेले आईबाप व तिकडे गेलेली मुले असे चित्र अनेक घरांत तयार झाले. तिकडे गेलेल्यांना १९६०च्या दशकाच्या सुरुवातीस तेथील यहुदी धर्मपीठाने विवाहाच्या बाबतीत अडवले, त्यांच्या यहुदीपणाबद्दल चौकशा लावल्या. यरुशलेममध्ये निदर्शने झाली आणि १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल हे सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत असे जाहीर केल्यावर तिढा सुटला. परतणे आणि पुनःस्थापित होणे या दोन गोष्टी एकाच वेळी होत नाहीत, हे इ.स.पू. सहाव्या शतकाइतकेच विसाव्यातही खरे ठरले, आणि आमोसच्या तराजूतून कोणतेही राज्य, कोणत्याही काळातले, सुटलेले नाही.

आमोसच्याच पुस्तकाच्या शेवटी दावीदाचा पडलेला मांडव पुन्हा उभारण्याचे वचन आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात यरुशलेमला पहिली परिषद भरते, यहुदी नसलेल्यांना सुंतेशिवाय ख्रिस्तसभेत घ्यावे की नाही यावर वाद होतो, आणि तिथल्या सभेचा पुढारी याकोब आमोसचे हेच वचन काढून दाखवतो : मांडव उभा राहतो तो इतर राष्ट्रांनीही परमेश्वराला शोधावे म्हणून, तेव्हा त्यांना आत येऊ द्यावे. कल्याणच्या सुरियानी सभेपासून ठाणे-डोंबिवलीच्या आजच्या ख्रिस्ती कुटुंबांपर्यंत यहुदी नसलेला प्रत्येक ख्रिस्ती माणूस सभेत शिरला तो या निर्णयाच्या आधारावर, म्हणजे इस्रायलच्या पुनःस्थापनेच्या वचनावर; ते वचन इस्रायलसाठी रद्द झाले असे म्हणणाऱ्याच्या स्वतःच्या प्रवेशालाही मग आधार उरत नाही.